गीत आणि गीताची हकीकत

लोकगीतांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जितके कौतुक ऐकू येते, तितकी जिज्ञासा मात्र आढळत नाही. गीत ऐकून मान डोलावणारे पुष्कळ. परंतु ते कोणी म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले आणि ते म्हणण्यापायी त्याला काय सोसावे लागले, हे विचारणारे थोडे. ही हकीकत म्हणजे गीताखाली छापलेली एक टीप होय. वाचली तर उत्तम, न वाचली तरी रसास बाध येत नाही, असा समज रूढ झालेला आहे. प्रस्तुत लेखी या समजाचीच परीक्षा करण्याचा आमचा विचार आहे. आणि त्यासाठी दूरदेशीची उदाहरणे आधी न घेता, पालघर तालुक्यातील एडवण या गावापासून आम्ही आरंभ करीत आहो.

एडवण हे सफाळे स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राच्या काठी वसलेले गाव. उत्तरेस केळवे-माहीम, दक्षिणेस वैतरणेचे मुख. वाड्या, भाताची शेते आणि मासेमारी यांवर हा किनारा पोसलेला आहे. लोहमार्ग ओलांडून पूर्वेकडे गेले की भूमी चढू लागते, आणि विक्रमगड, जव्हार, डहाणू, तलासरी या बाजूंस वारली, कोकणा, कातकरी इत्यादी आदिवासींची वस्ती लागते. वाडवळी, मांगेली, वारली अशा निरनिराळ्या बोली एवढ्याशा टापूत नांदतात, आणि प्रत्येकीची गाणी निराळी. या प्रांताचा लिखित इतिहास मागाल तर 'महिकावतीची बखर' आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. तीत राजे आहेत, वंश आहेत, कुळे आहेत. परंतु जाते ओढणाऱ्या, होडी लोटणाऱ्या आणि परक्याचे गवत कापणाऱ्या माणसांची बखर कोणी लिहिली नाही. ती त्यांनी गाइली. म्हणून या मुलखात गीताची हकीकत हरवणे म्हणजे इतिहासाचे एक पान हरवणे होय. प्रश्न केवळ रसिकतेचा नाही.

समुद्रकाठच्या गाण्यांपासून प्रारंभ करू. शहरातील घरी कोळ्यांचे गाणे म्हटले की बहुधा 'मी डोलकर' हे ध्वनिमुद्रित गीत आठवते. त्याचे शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची, आणि गायन लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे. रचना सुंदर आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ती लोकगीत नव्हे. एका विदुषी कवयित्रीने कोळ्याच्या मुखी घातलेले ते भावगीत होय. यात कवयित्रीचा दोष काडीमात्र नाही. तिने आपले नाव लपविले नाही, आणि वेषांतर हा तर कवीचा हक्कच आहे. दोष आहे तो ऐकणाऱ्याचा. कारण त्याने हेच कोळ्याचे खरे गाणे असे मनाशी ठरविले आणि शोध तेथेच थांबविला. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवण्याचे पिशवीसारखे जाळे, आणि ते धरणारा तो डोलकर, एवढेसुद्धा गीत तोंडपाठ असलेल्या कित्येकांस ठाऊक नसते. पुढे कधी किनाऱ्यावरील एखाद्या बाईचे खरेखुरे गाणे कानी पडले, तर ते त्यांस ओबडधोबड वाटते. कारण मोजण्याचे माप त्यांनी शहरातून नेलेले असते.

आता त्या बाईच्याच गाण्याकडे वळू. उत्तर कोकणातील आगरी, कोळी आदी समाजांत लग्नप्रसंगी धवळे म्हणण्याची चाल आहे, आणि म्हणणारणीस धवलारीण असे नाव आहे. पूर्वेकडील वारल्यांत हेच काम धवलेरी करते. ती केवळ गाणारी नव्हे. लग्न लावणारी तीच. चौक लिहिला जातो, पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरीच्या गाण्याने विधी पुढे सरकतो. तिच्या गाण्यावाचून विवाह सिद्ध होत नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या शहरी गृहस्थास हे गाणे लांबलचक आणि एकसुरी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याने क्षणभर आपल्या वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण आठवावे. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो, त्या महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचिले ते 'धवळे'च होते. गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीचे लग्न गाइले. महदंबेचे धवळे आणि वारल्यांची धवलेरी यांमधला धागा सलग आहे की नाही, हे ठरविणे पंडितांचे काम. आम्ही इतकेच दाखवितो की शब्द एक आहे, प्रसंग एक आहे आणि गाणारीही स्त्रीच आहे. जो प्रकार महाविद्यालयात पुस्तकातून शिकविला जातो, तोच येथे मांडवात जिवंत आहे. ही हकीकत कळल्यावर ते गाणे पूर्वीइतकेच एकसुरी राहते काय? सूर तेच राहतात. ऐकणारा मात्र बदलतो.

वारल्यांच्या तारप्याची कथा याहून उद्बोधक आहे. वाळलेला दुध्या भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकास ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजविण्यास मेण. एवढ्या साहित्यातून हे वाद्य सिद्ध होते. वाजविणारा श्वास तुटू देत नाही. गालांत हवा साठवून फुंकीत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेतो, म्हणून नाद अखंड राहतो. भात पिकून तयार झाले म्हणजे तारप्याचा हंगाम येतो. वादक मध्ये उभा राहतो आणि हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची माळ शंखाच्या वेटोळ्याप्रमाणे त्याच्याभोवती फिरते. हे वेटोळे आज अवघ्या जगास ठाऊक आहे. परंतु कानांनी नव्हे, डोळ्यांनी. वारली चित्रकलेतील ही आकृती साड्यांवर, पेल्यांवर, कचेऱ्यांच्या आणि स्थानकांच्या भिंतींवर जाऊन बसली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि तो सन्मान सर्वथैव योग्य होता. तथापि ज्या चौकापासून ही चित्रकला बाहेर आली, तो चौक लग्नघरच्या सवाशिणी लिहीत, आणि त्या विधीस धवलेरीच्या गाण्याची साथ असे. जगाने भिंतीवरचा चौक उचलून नेला आणि गाणे मांडवातच राहू दिले. चित्र विकत घेता येते, भिंतीस टांगता येते. गाणे ऐकावयाचे तर गाणाऱ्यापाशी जाऊन बसावे लागते, आणि तेवढी सवड कोणास आहे!

येथवर लग्नाच्या आणि सुगीच्या गाण्यांचा विचार झाला. परंतु याच डोंगरांत एक काळ असा येऊन गेला की, ज्याची हकीकत ठाऊक नसेल तर वारल्यांचे कोणतेच गाणे पुरते कळणार नाही. कर्ज काढून लग्न करावे आणि ते फेडण्यासाठी सावकाराच्या घरी जन्मभर राबावे, या प्रथेस लग्नगडी म्हणत. नवराच नव्हे, तर नवरीही त्या दास्यात जाई. ज्या मांडवात धवलेरी गात असे, तो मांडवच अशा रीतीने कित्येकांच्या गुलामगिरीचा दरवाजा ठरे. त्याखेरीज विनामूल्य वेठ होतीच. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. मे महिन्यात झरी येथे वारल्यांची प्रचंड सभा झाली, आणि वेठ व लग्नगडी यांविरुद्ध लाल बावट्याखाली लढा उभा राहिला. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. त्या महिन्याच्या १० तारखेस तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती प्राणास मुकले. या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर यांनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितली आहे. वारली लग्नगीतांचा संग्रह हाती घेणाऱ्याने हा ग्रंथ शेजारी ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ज्या विधीत माणूस गहाण पडत असे, त्याच विधीतील मंगल गाणे ऐकताना आनंद आणि वेदना या दोहोंची जाणीव एकाच वेळी होते. ती जाणीव संग्रहाच्या पानांतून आपोआप होत नाही.

योगायोग असा की, याच ऑक्टोबर १९४५ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना संस्थानातील चार्ल्सटन शहरी सिगार कारखान्यातील कामगारांनी संप पुकारला. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा भरणा मोठा होता. थंडीपावसात पहारा करताना त्या एक धर्मगीत म्हणत. ल्युसिल सिमन्स नावाची बाई ते विशेष संथ लयीत गाई, असे सांगतात. टेनेसी संस्थानातील हायलँडर शाळेत झिल्फिया हॉर्टन यांनी ते उचलले, पीट सीगर यांनी त्याचा प्रसार केला, आणि १९६० नंतर वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचे ते राष्ट्रगीतच झाले. गिरिजाकुमार माथुर यांनी त्याचा हिंदी अवतार घडविला. 'होंगे कामयाब' या नावाने तो आपल्या शाळाशाळांतून म्हटला जातो, आणि पालघरच्या बाजूची मुलेही तो म्हणतात. परंतु किती मुलांस, किंबहुना किती शिक्षकांस, त्या सिगार वळणाऱ्या बायांची हकीकत ठाऊक असेल? हकीकत गळून पडताच गीताचा अर्थही बदलला. अन्यायावर मात करण्याचा निर्धार मागे पडून परीक्षेत उत्तीर्ण होण्याची आशा तेवढी उरली. आणि चार्ल्सटनचे गीत सातासमुद्रांपलीकडून आपल्या शाळेच्या अंगणात पोहोचले असता, त्याच महिन्यात जेथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या तलवाड्याचे नाव त्या अंगणात सहसा घेतले जात नाही, याला काय म्हणावे?

अमेरिकेत लोकगीतांचा 'शोध' लागला तो प्रकारही लक्षात घेण्याजोगा आहे. १९३३ साली जॉन लोमॅक्स व त्यांचा पुत्र ॲलन हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन लुइझियानातील अँगोला तुरुंगात गेले. तेथे त्यांस हडी लेडबेटर, उपनाव लेडबेली, हा अलौकिक गायक बंदिवान आढळला. त्यांनी त्याची गीते टिपून घेतली नसती तर त्यांतील कित्येक नष्ट झाली असती, हे उपकार नाकारता येत नाहीत. परंतु त्याचे 'गुडनाइट आयरीन' हे गीत दुसऱ्या एका गायकवृंदाच्या मुखाने १९५० साली देशभर गाजले, तेव्हा लेडबेली डिसेंबर १९४९ मध्येच निवर्तला होता. आणि गीताच्या हक्कांत त्याच्या नावाशेजारी लोमॅक्स यांचेही नाव होते. पुढे याच काळ्या गायकांच्या ब्लूज संगीतातून रॉक या नावाने ओळखले जाणारे संगीत निपजले, आणि त्यावर गोऱ्या वादकांनी अमाप धन मिळविले. २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या बॉब डिलन यांच्या सर्वांत प्रसिद्ध गीताची चाल गुलामांच्या एका जुन्या गाण्यावरून घेतलेली आहे. आणि ही गोष्ट त्यांनी स्वतः मान्य केली, हे त्यांस भूषणावह होय. उसने घेणे हा कलेचा धर्मच आहे. ज्याचे घेतले त्याचे नाव पुसणे मात्र अपहार होय.

येथे एक आक्षेप संभवतो. कलाकृती स्वयंपूर्ण असावी. जिला समजण्यास बाहेरील हकीकतीची कुबडी लागते ती कला कसली, असे कोणी म्हणेल. फडके-खांडेकरांच्या वादापासून हा प्रश्न आमच्या वाचकांस परिचित आहे. उत्तरादाखल अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्यावी. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड गाजली. नुसती ऐकली तर पोटासाठी मुंबईस आलेल्या गड्याने गावी राहिलेल्या आपल्या कांतेसाठी केलेला तो विलाप वाटतो, आणि तेवढ्याने रसिक तृप्त होतो. परंतु ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणीसह अंतरलेली मराठी भूमी होय, हे उमगताच प्रत्येक दागिन्याचे, प्रत्येक अवयवाचे वर्णन दुसऱ्या अर्थाने उजळते. येथे हकीकत ही कुबडी नव्हे. ती दुसरा डोळा आहे. एका डोळ्यासही दिसते. परंतु खोली कळते ती दोहोंनी.

तथापि याची दुसरी बाजूही सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. हकीकत कितीही करुण असली तरी तिच्या बळावर निकृष्ट गीत उत्कृष्ट ठरत नाही. चळवळीच्या नावाखाली रचलेल्या शेकडो कवनांत घोषणेस यमक जोडण्यापलीकडे काही नसते. चळवळ ओसरली की ती कवनेही ओसरतात. अण्णा भाऊंची छक्कड टिकली, कारण मैनेचे वियोगदुःख तीत आधी खरे आहे आणि रूपक नंतर. हकीकत गीतास अर्थ देते. गीतपण देऊ शकत नाही. ते गाणाऱ्यानेच आणावे लागते.

या कसोटीवर अगदी अलीकडचे एक उदाहरण घासून पाहण्याजोगे आहे. मुंबईतील आरे येथील वनात मेट्रो गाड्यांच्या कारशेडसाठी झाडे तोडण्याचे घाटत असता, २०१९ साली 'स्वदेशी' नामक तरुणांच्या रॅप-संचाने 'द वारली रिव्होल्ट' हे मराठी गीत प्रसिद्ध केले. रॅप हा प्रकार अमेरिकेतील काळ्या वस्त्यांतून आलेला. तेव्हा आमच्या जुन्या वळणाच्या वाचकांनी नाक मुरडणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, त्यात आरेमधील आदिवासी प्रकाश भोईर यांचा स्वतःचा आवाज आहे. आदिवासींविषयी गाताना आदिवासीस बाहेर उभे केलेले नाही. दुसरी ही की, त्याचे नावच १९४५ ची आठवण जागी करते. तरुण ऐकणारा ठेक्यासाठी येतो आणि नावापाशी अडखळून ही कोणती बंडाळी असे विचारतो. अशा रीतीने गीतच हकीकतीचे दार होते. गीताने झाडे वाचली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती रातोरात तोडली गेली, आणि २०२४ मध्ये त्या मार्गावरून गाड्याही धावू लागल्या. म्हणून गीत व्यर्थ गेले असे आम्ही मानीत नाही. चार्ल्सटनच्या बायांनी संप केला तेव्हा त्यांच्या गीताचे पुढे काय होणार, हे त्यांस तरी कोठे ठाऊक होते? निषेधाच्या गीताचे पहिले काम विजय मिळविणे नव्हे, साक्ष ठेवणे हे होय.

साक्ष कशी ठेवावी याचा उत्तम पाठ आपल्याच प्रांतात घालून दिलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हजारांहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव टिपून ठेवण्याचा नेम राखिला. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्यांतील कित्येक ध्वनीसह प्रसिद्ध केल्या आहेत. 'लोकगीत' या शब्दातील 'लोक' म्हणजे कोणी अनामिक समुदाय नव्हे. अमुक गावची, अमुक नावाची बाई होय, हा या कार्याचा मोठा धडा आहे.

एडवणात, केळव्यात, तारापुरात किंवा तेथून मुंबईस येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांत लग्नातली गाणी मुखोद्गत असलेल्या वृद्धा आजही आहेत. प्रत्येक घरी आता ध्वनी टिपणारे यंत्र खिशात असते, आणि त्यात नातवंडांची बाललीला हौसेने साठविली जाते. त्याच यंत्रापुढे आजीस बसवावे. तिचे गाणे पुरते टिपून घ्यावे, आणि गाणे संपल्यावर यंत्र बंद न करता तिला विचारावे की, हे तू कोणापासून शिकलीस, कोणाच्या लग्नात म्हटलेस, आणि यातले कोणते कडवे म्हणताना तुझा गळा दाटतो. तिचे नाव, माहेरचे गाव आणि साल, एवढे त्यासोबत अवश्य लिहावे. गाण्याचा शोध लावण्याची कीर्ती यात कोणास मिळणार नाही. कारण ते गाणे कधी हरवलेलेच नव्हते. आपण विचारले नव्हते, एवढेच.